तुझ्या फोटोत माणसं नाहीत

प्रिय मित्रा,

तुझ्या भिंतचित्राचं रेखाटन आणि त्या भिंतीचा फोटो, दोन्ही मिळाले. रेखाटन चांगलं आहे. हात मोकळा आहे, मोठ्या आकाराचं दडपण कुठे जाणवत नाही, रंग धीटपणे निवडलेस. पण मी जास्त वेळ पाहत बसले ते फोटोकडे. एवढी लांबलचक भिंत, समोर रस्ता, आणि रस्त्यावर एकही माणूस नाही. भिंत नीट दिसावी म्हणून तू सगळे जाईपर्यंत थांबला असशील. मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

माझ्या पहिल्या मोठ्या भिंतीवर मी एक उघडा डोळा काढला होता. दोन मजले उंच, आणि बुबुळात अख्ख्या वस्तीचं प्रतिबिंब. लोक लांबून फोटो काढायला येत. दोन महिन्यांनी परत गेले तेव्हा समोरच्या घराची खिडकी जाड पडद्याने बंद केलेली दिसली. चौकशी केली तर आतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दिवसभर कुणीतरी बघत असतं. कपडे बदलायचे तरी कुठे?" त्यांना चित्राचं कौतुक होतं, मात्र त्यांना ते चोवीस तास सोसावं लागत होतं. तीन आठवडे मी परांचीवर होते, आणि तेवढे दिवस त्या खिडकीकडे माझी पाठ होती.

तेव्हापासून मी भिंत बघायला जाते ती भिंतीकडे पाठ करूनच. तिच्यासमोर कोणाची दारं आहेत, कोण कुठे टेकतं, कोणाच्या खिडकीत ती सतत दिसणार, हे आधी बघते. चित्रदालनात माणूस आपल्या मर्जीने जातो आणि कंटाळा आला की बाहेर पडतो. भिंतीसमोर राहणाऱ्याला ती सोय नाही.

लोकांशी बोलशील तेव्हा "काय काढू?" असं विचारू नकोस. लोक सभ्यपणे फुलं, पक्षी, उगवता सूर्य आणि थोर माणसं सांगतील, कारण इतर भिंतींवर त्यांनी तेच पाहिलेलं असतं. त्यापेक्षा विचार की ही भिंत बांधली तेव्हा इथे काय होतं, पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, मुलं कुठे खेळतात, अंधार पडल्यावर कुठला कोपरा टाळला जातो, इथून कोण निघून गेलं. उत्तरं देताना लोक हात वर करून जागा दाखवायला लागतात. त्या हातवाऱ्यांत चित्र असतं. वही जवळ ठेव आणि पहिले काही दिवस तिच्यात रेघ न मारता फक्त शब्द लिही.

अमेरिकी भिंतचित्रकार जुडी बाका यांचं काम जरूर बघ. लॉस एंजेलिसमध्ये पूर नियंत्रणासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या कालव्याची भिंत त्यांनी रंगवायला घेतली. १९७६ ते १९८३ या काळातल्या पाच उन्हाळ्यांत ४०० हून अधिक मुलामुलींनी २,७५४ फूट लांबीचं चित्र उभं केलं. त्यातली कित्येक मुलं पोलीस आणि न्यायालयाच्या फेऱ्यांतून आलेली होती. बाकांनी इतिहासाचे जाणकार बोलावले, वयस्कर माणसांच्या आठवणी ऐकवल्या, आणि मगच रेखाटनं सुरू झाली. म्हणून तिथे दुसऱ्या महायुद्धातली जपानी-अमेरिकी कुटुंबांची छावण्यांतली कैद आली, महामार्ग आणि स्टेडियमसाठी उखडलेल्या वस्त्या आल्या. एकट्या चित्रकाराच्या डोक्यातून हे सगळं आलं नसतं. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या ओर्गोसोलो गावातही असंच घडलं. १९७५ साली फ्रान्चेस्को देल कासिनो या शिक्षकाने आपल्या शाळेच्या मुलांना घेऊन भिंती रंगवायला घेतल्या, आणि आज त्या गावाची ओळखच भिंतींवरची चित्रं ही आहे.

मात्र ऐकणं म्हणजे मतदान नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगते. वीस जणांच्या वीस मागण्या एकाच भिंतीत कोंबल्या की चित्राचा सूचनाफलक होतो. लोकांनी सांगितलेल्या गोष्टींतून एक गोष्ट उचलायची, बाकीच्या सोडायच्या, आणि का सोडल्या ते समोर बसून सांगायचं, ही जबाबदारी तुझी. ती वस्तीवर ढकलू नकोस. माझ्या मते या कामात चित्रकाराची खरी परीक्षा इथेच होते. ब्रशवरचं प्रभुत्व त्यानंतर येतं.

पैसे देणाऱ्याशीही असंच आधी बोल. १९३२ साली लॉस एंजेलिसमध्येच मेक्सिकन चित्रकार डेव्हिड अल्फारो सिकेरोस यांना 'उष्णकटिबंधातली अमेरिका' या विषयावर भिंत मिळाली. काम देणाऱ्यांच्या मनात हिरवंगार नंदनवन होतं. सिकेरोस यांनी मधोमध क्रुसावर बांधलेला मूळनिवासी माणूस आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकी गरुड काढला. काही वर्षांत सगळ्या चित्रावर पांढरा रंग फिरवला गेला. पुढे तो पांढरा रंग झिजत गेला, खालचं चित्र पुन्हा दिसू लागलं, आणि संवर्धन होऊन २०१२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. सिकेरोस यांच्या बाजूनेच माझं मन आहे. पण तुझ्या भिंतीवर पांढरा रंग फिरला तर नुकसान तुझ्या एकट्याचं होणार नाही, ज्यांच्या आठवणी तू त्यात घातल्यास त्यांचंही होईल. म्हणून वादाचा मुद्दा असेल तर तो रंगवण्याआधीच बाहेर काढ, आणि परवानगी कागदावर घे. मालक कोण, चित्र किमान किती वर्षं राहील, पुसायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं, डागडुजी कोण करणार, एवढं त्यात हवंच. न्यूयॉर्कमधल्या फाइव्ह पॉइंट्झ या इमारतीवर मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षं चित्रं काढली जात होती. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मालकानेच एका रात्रीत ती पांढरी करून टाकली. कलावंतांनी खटला लढवला, आणि २०१८ साली २१ जणांना मिळून ६७ लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर झाली. तोवर इमारत पाडून झाली होती.

आता भिंतीच्या अंगाबद्दल, कारण तुझ्या पत्रात त्यावर एक ओळही नाही.

फोटोत डावीकडे खालून वर चढलेली पांढरट भुकटी दिसते. तो लोणा आहे. भिंतीच्या आतली ओल बाहेर येताना विटांतले आणि गिलाव्यातले क्षार सोबत आणते, आणि पाणी उडालं की ते पृष्ठभागावर साठतात. त्यावर कितीही महागडा रंग लाव, एका पावसाळ्यात पोपडे निघतील. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसव आणि एक दिवस थांब. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. मग आधी पाण्याचा उगम शोध: गळका नळ, छतावरून उतरणारं पाणी, किंवा बुडाशी साचलेली माती. ओल थांबल्यावर कोरड्या ब्रशने लोणा झाडून काढ. तो पाण्याने धुऊ नकोस, धुतल्याने क्षार परत आत जातात. एखाद्या भागावर नवा गिलावा केला असेल तर त्याला साधारण २८ दिवस दे. सिमेंट ताजं असताना फार क्षारधर्मी असतं, त्यात रंगाची पकडही जाते आणि काही रंगद्रव्यंही मरतात.

रंगांपैकी तुझा भडक गुलाबी आणि लिंबासारखा पिवळा मला धोक्याचे वाटतात. उन्हाकडे तोंड असलेल्या भिंतीवर असे अनेक रंग लवकर उडतात. गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीचे, लोहाच्या ऑक्साइडचे रंग मात्र ऊन पचवतात. चित्राचा सांगाडा या रंगांत बांध आणि भडक छटा अशा ठिकाणी ठेव की त्या उडाल्या तरी आकार टिकेल. खालच्या हातभर पट्ट्यात चेहरे नकोत. तिथे चिखल उडतो, सायकली टेकतात, लोक पाय टेकवून उभे राहतात. तिथे गडद, साधी नक्षी ठेव, म्हणजे वस्तीतलं कुणीही ती पुन्हा रंगवू शकेल. प्रत्येक छटेचा क्रमांक लिहून ठेव आणि त्याची एक प्रत तिथल्याच कुणाकडे दे.

परांचीवर असताना चित्र कसं दिसतंय ते बघायला मागे पाऊल टाकू नकोस. रंगवताना माणूस जमीन विसरतो. बघायचं असेल तर खाली उतर, रस्ता ओलांड आणि तिकडून बघ. वर असताना अंगाला सुरक्षापट्टा बांधलेलाच हवा, मग उंची कितीही असो.

ज्यांना परांचीवर चढता येत नाही त्यांचेही हात चित्राला लागू देत. फिलाडेल्फियात १९८४ पासून भिंतचित्रांचा मोठा सार्वजनिक कार्यक्रम चालू आहे. तिथे पॅराशूटच्या पातळ कापडाचे चौकोन जमिनीवर किंवा टेबलावर रंगवतात आणि नंतर ॲक्रिलिकच्या चिकट लेपाने भिंतीला चिकटवतात. त्यामुळे वृद्ध, लहान मुलं, अगदी तुरुंगातले कैदीसुद्धा त्या चित्रांत सहभागी झाले. तुझ्या चित्रातली डावीकडची झाडं या पद्धतीने सहज होतील.

अजून एक गोष्ट मनात आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे तोडगा नाही. रंगलेल्या भिंतींमुळे परिसराला भाव येतो, भाडी वाढतात, आणि ज्यांच्या गोष्टी रंगवल्या त्यांनाच तिथून निघावं लागतं, असं अनेक शहरांत झालं आहे. एखादा विकासक अचानक भिंत देऊ करतो तेव्हा मी विचारते की पुढच्या दोन वर्षांत इथे काय बांधायचं ठरलं आहे. उत्तर टाळलं तर मी काम घेत नाही. तूही विचारत जा.

चित्र कायमचं राहणार नाही याची मात्र फार धास्ती घेऊ नकोस. शिकागोमध्ये १९६७ साली कृष्णवर्णीय चित्रकारांनी वस्तीतल्या एका जुन्या इमारतीवर 'सन्मानाची भिंत' रंगवली. १९७१ च्या आगीनंतर ती इमारत पाडली गेली. पण मधल्या चार वर्षांत तिच्यासमोर सभा झाल्या, कविता वाचल्या गेल्या, आणि तिचं बघून इतर शहरांतल्या वस्त्यांनी आपापल्या भिंती रंगवायला घेतल्या.

नवं रेखाटन इतक्यात पाठवू नकोस. सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर, असं तीन वेळा त्या भिंतीला पाठ टेकून तासभर बस आणि समोर जे दिसेल ते लिहून पाठव. फोटो काढलास तर रस्ता रिकामा होण्याची वाट पाहू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघते.

तुझी,
ताई