काराबाख या वादग्रस्त प्रदेशासाठी आर्मेनियाशी २०२० मध्ये झालेल्या युद्धात अझरबैजान फक्त ड्रोनमुळे जिंकला का?

फक्त ड्रोनमुळे नाही, पण ड्रोन नसते तर ४४ दिवसांत निकाल लागला नसता. अझरबैजानने जुनी, दोन मजली पंखांची अँटोनोव्ह-२ विमानं वैमानिकाविना पुढे सोडली. आर्मेनियाने ती पाडायला क्षेपणास्त्र डागलं की ते डागणाऱ्या यंत्रणेची जागा उघडी पडायची. मग तुर्कस्तानचे बायरक्तार आणि इस्रायलचे हारोप हे ड्रोन त्या यंत्रणेचा वेध घ्यायचे. काराबाखमधलं शुशा शहर मात्र कडे चढून गेलेल्या सैनिकांनी घेतलं, हे लोक विसरतात. युद्धबंदी रशियाने घडवली, शांतिसैनिकही पाठवले. ते तिथे असतानाच सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने काराबाखवर पुन्हा हल्ला केला आणि तिथल्या एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांना घरदार सोडावं लागलं. मला तरी हे रशियाचं सर्वांत मोठं अपयश वाटतं.