बेल स्टार : पडद्यावरची आणि खटल्यातली

प्रश्न (वाचक, वाई) : ‘बेल स्टार’ हा 1941 सालचा वेस्टर्न चित्रपट नुकताच पाहिला. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने घर जाळल्यामुळे एक खानदानी तरुणी बंडखोरांच्या टोळीत जाते, असे त्यात दाखवले आहे. यातले खरे किती?

उत्तर : नाव खरे, युद्धाची पार्श्वभूमी काहीशी खरी, आणि उरलेले बहुतेक पटकथाकाराच्या पदरचे. बेल म्हणजे मायरा मेबेल शर्ली ही अमेरिकेतली गाजलेली गुन्हेगार बाई 1848 मध्ये मिसुरी राज्यातील कार्थेज गावाजवळ जन्मली. तिच्या वडिलांचे गावात मुक्कामाचे हॉटेल आणि भाड्याच्या घोड्यांचा तबेला होता. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण चित्रपटातला हवेलीचा थाट तिथे नव्हता. यादवी युद्धात तिचा भाऊ दक्षिणेच्या बाजूने लढताना 1864 मध्ये मारला गेला आणि त्यानंतर कुटुंब टेक्ससला गेले. पटकथेने नेमका हाच धागा उचलला आणि पुढचे कापड स्वतः विणले.

रँडॉल्फ स्कॉटने रंगवलेला सॅम स्टार दक्षिणेचा हार न मानणारा कप्तान आहे. खरा सॅम चेरोकी या अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजातला होता, आणि बेलने त्याच्याशी लग्न केले ते 1880 मध्ये, म्हणजे युद्ध संपून पंधरा वर्षे उलटल्यावर. त्याआधी जिम रीड या गुन्हेगाराशी तिचा संसार झाला होता आणि तो 1874 मध्ये मारला गेला होता. न्यायालयात तिच्यावर शाबीत झालेला मोठा गुन्हा म्हणजे घोडेचोरी : 1883 मध्ये फोर्ट स्मिथ येथे न्यायाधीश आयझॅक पार्कर यांच्यासमोर सॅम आणि ती दोषी ठरली आणि डेट्रॉइटच्या तुरुंगात तिने नऊ महिने काढले. तेव्हा ती पस्तिशीची, दोन मुलांची आई होती. पडद्यावर बेल झालेली जीन टिअर्नी जेमतेम विशीतली आहे. 3 फेब्रुवारी 1889 रोजी घोड्यावरून घरी परतताना कोणीतरी तिला गोळ्या घातल्या आणि तो खून कोणावरही कधी सिद्ध झाला नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे प्रकाशक रिचर्ड फॉक्स यांनी तिच्यावर एक स्वस्त, सनसनाटी पुस्तक काढले. ‘दरोडेखोरांची राणी’ खऱ्या अर्थाने जन्मली ती तिथे, आणि हा चित्रपट फोर्ट स्मिथच्या दप्तरापेक्षा त्या पुस्तकाला जवळचा आहे.

प्रश्न (वाचक, कुंडल) : प्रतिसरकारच्या लोकांनी शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवली, तेव्हा इंग्रजांच्या लेखी तेही दरोडेखोरच होते. बेलकडेही आपण तसेच पाहावे का?

उत्तर : पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जून 1943 मध्ये शेणोलीला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने जी रक्कम घेतली, ती परकीय सत्तेविरुद्धच्या चळवळीसाठी होती. घोडेचोरीमागे असे कोणतेही सार्वजनिक कारण बेलच्या चरित्रात सापडत नाही. चित्रपट मात्र ते कारण तिला बहाल करतो आणि पराभूत दक्षिणेचा सूड हाच न्याय असल्याचा आभास निर्माण करतो. त्यासाठी काळ्या नोकरांना मालकिणीच्या प्रेमात बुडालेले दाखवून गुलामगिरीचा सारा जाच पडद्याआड ढकलला आहे. इतिहासाची मोडतोड एक वेळ करमणूक म्हणून सोडून देता येईल, पण हा दोष मला त्याहून गंभीर वाटतो; टेक्निकलरचे रंग कितीही देखणे असले, तरीही.

प्रश्न (वाचक, मिरज) : अशा चित्रपटांत नायिकेला शेवटी मारतातच का?

उत्तर : हॉलिवूडची स्वतःचीच आचारसंहिता त्यामागे होती. 1934 पासून ती कडकपणे लागू झाली आणि गुन्हेगार शिक्षेवाचून सुटलेला दाखवणे जवळजवळ अशक्य झाले. 1968 मध्ये तिची जागा वयानुसार वर्गीकरणाने घेतली, पण तिची पकड त्याआधीच सैल झाली होती. 1965 चा ‘कॅट बलू’ अवश्य पाहावा. त्यात जेन फोंडाची शिक्षिका वडिलांच्या खुनानंतर टोळी जमवते, रेल्वेतली पगाराची रक्कम लुटते आणि फाशीच्या तख्तावरून साथीदारांच्या मदतीने निसटते. नॅट किंग कोल आणि स्टबी के हे दोन गायक मधूनमधून पडद्यावर येऊन तिची कथा गातात. पोवाडा ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला ती रीत मुळीच परकी वाटणार नाही. दारुडा नेमबाज आणि भाडोत्री मारेकरी अशा दुहेरी भूमिकेसाठी ली मार्विनला ऑस्कर मिळाले, आणि ते स्वीकारताना त्याने त्यातला अर्धा वाटा एका घोड्याला देऊन टाकला.