सह्याद्रीच्या दर्या

*शाळेत संगणक 6 आणि सातवीच्या वर्गात मुलं 32. निबंध कसे लिहून घेऊ? – एक शिक्षिका, गुहागर*

बाई, सगळ्यांना एकदम टायपिंगला बसवायचा हट्ट सोडा. पहिला खर्डा वहीतच होऊ द्या. मग एका यंत्रावर दोघं, म्हणजे 12 जण बसतील. तोवर बाकीच्यांनी एकमेकांचे खर्डे वाचून शंका काढायच्या. मात्र वहीतलं जसंच्या तसं टाईप करून घेऊ नका, ती नुसती नक्कल झाली. माझ्या वर्गातल्या एकाने मासळीच्या लिलावावर लिहिलं होतं. उठलो, दात घासले, चहा प्यालो... बोली लागली ती थेट आठव्या वाक्यात! ते वाक्य त्याने कंट्रोल-एक्सने उचललं, वर नेऊन ठेवलं आणि दात घासणं स्वतःहून उडवलं. वहीत हे त्याने केलं नसतं. खाडाखोडीला मार्क जातात ना!

*टायपिंगने अक्षर बिघडेल का? – एक आई, दापोली*

आठवड्यातून एका तासाने? नाही हो.

*मुलं 'सह्याद्रीच्या दर्या' असं टाईप करतात. चूक कोणाची? – एक शिक्षक, मालवण*

सर, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डची सवय. 'डी-ए-आर-वाय-ए' दिलं की तो बहुधा 'दर्या', म्हणजे समुद्रच देतो. थेट देवनागरी अक्षरांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. त्यात 'जे'च्या कळीवर र, शिफ्ट दाबून ऱ. पुढे 'डी'वरचं हलन्त आणि मग य. एका शिफ्टने दर्याच्या दऱ्या होतात. पहिले काही तास मुलं कंटाळतील, पण फळ्यावर शंभरदा सांगून न उमगलेला फरक बोटांना कळतो.

*आजीच्या तोंडचं 'माका' लिहिलं की खाली लाल रेघ येते. मुलगी ते 'मला' करून टाकते. – एक शिक्षिका, देवगड*

रेघेचा अर्थ एवढाच, की हा शब्द यंत्राच्या यादीत नाही. त्या शब्दावर माऊसची उजवी कळ दाबून तो शब्दकोशात घालायला लावा. निवेदन प्रमाण मराठीत असू दे, आजी मात्र मालवणीतच बोलू दे. 'मला भूक लागली' म्हणणारी आजी देवगडची वाटेल का?

आणि हो, पावसाळ्यात दर परिच्छेदाला कंट्रोल-एसने लिहिलेलं जतन करायला लावा. लाईट काय सांगून जाते थोडीच!