बहिणीला लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी आहे. मडगावात एसी हॉलमध्ये वाढदिवस आहे, फुग्यांपासून लांब बसवलं तर चालेल का?

नाही, बंद हॉलमध्ये रबरी फुगे असतील तर लांब बसवून भागणार नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. पावडर लावलेला हातमोजा ओढून काढला की पांढरी धूळ उडताना दिसते. रबराच्या चिकातली, म्हणजे लॅटेक्समधली, प्रथिनं त्याच धुळीला चिकटून नाकातोंडात जातात. अमेरिकेने 2017 पासून असे वैद्यकीय हातमोजे बंद केले, त्याचं हेही एक कारण. फुग्यांनाही बहुतेक वेळा आतून पावडर असते आणि फुगा फुटला की ती हवेत पसरते. म्हणून यजमानांना आजच फोन करा, फक्त चकचकीत फॉइलचे फुगे लावायला सांगा. संकोच करू नका, लोक ऐकतात. केटररलाही विचारा: वाढपी लॅटेक्सचे हातमोजे घालत असतील तर अन्नालाही प्रथिनं लागतात, नायट्राइलचे (लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे) चालतील, नाहीतर स्वच्छ हात आणि डाव. बहिणीला केळं, किवी, पपई किंवा ॲव्होकाडोने तोंडाला खाज सुटते का, तेही बघा, कारण या फळांतली प्रथिनं लॅटेक्ससारखीच असतात. मोकळ्या लॉनवर धोका कमी असतो, पण तिला आधी कधी श्वास लागला असेल तर तिथेही रबरी फुगे नकोत. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं) इंजेक्शन दिलं असेल तर ते गाडीत नाही, पर्समध्ये ठेवा. दम लागला किंवा ओठ सुजले तर ते लगेच द्या आणि 108 ला फोन करा.