सायलेन्सर: वेल्डिंग मारू की नवा टाकू?

आवाज वाढला म्हणून लगेच नवा सायलेन्सर घेऊ नकोस. गाडी पूर्ण गार होऊ दे, मग खाली वाकून नीट बघ. जॉइंटपाशी काळी काजळी दिसली तर गळती तिथेच. बऱ्याचदा नुसतं गॅस्केट (जॉइंटमधली चकती) नाहीतर क्लॅम्प (पाइप आवळणारा पट्टा) गेलेला असतो. खडखड येत असेल तर आधी लटकवायचे रबर बघ.

आता गंजाचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाइपावर टकटक कर. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत, वेल्डिंग टिकेल. बद्द आवाज आला, खपल्या गळल्या, तर वेल्डिंग लागताच भोक आणखी मोठं होतं. मी हट्टाने तीनदा ठिगळं मारली. शेवटी अक्कलकोटच्या वाटेवर डबाच रस्त्याला घासायला लागला, शर्टाच्या पट्टीने बांधून आणला!

सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज कसला, म्हणशील. तो आतून येतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. सात रस्ता ते नवी पेठ एवढंच फिरलास तर सायलेन्सर तापतच नाही, पाणी आतच साचतं.

मागचा डबाच सडला असेल तर तेवढाच बदल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, काढून सरळ पाइप टाकू म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, पीयूसीला अडकशील. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, म्हणूनच तो महाग. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लाव.

आणि गाडीत धुराचा वास आला तर काचा उघडून थेट गॅरेज गाठ. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला स्वतःचा वास नसतो.