दुष्काळ शोधायचा तर ‘स्कार्सिटी’ लिहून पाहा
संदर्भ विभाग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : बाई, मी सोलापूर जिल्ह्यात एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी या विषयावर पीएच.डी. करते आहे. गुगलवर एखादा लेख सापडतो, पण उघडायला गेलं की तीस-चाळीस डॉलर मागतात. विद्यापीठात जायचं तर तास बुडतात. जे डेटाबेस उघडतात त्यांत इंग्रजीत ‘धाराशिव’ आणि ‘दुष्काळ’ असं टाकलं की गेल्या दोन-चार वर्षांतलं काहीबाही येतं. बहात्तरवर कुणी लिहिलंच नाही का?

उत्तर : लिहिलंय, भरपूर लिहिलंय. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. एवढी मोठी गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली नाही. ती तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही आजचे शब्द घेऊन जुन्या कागदांत शिरताय. त्याकडे येतेच, पण आधी पैशांचं बोलू.

एकाही लेखासाठी खिशातून पैसे भरू नका. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड, केंब्रिज सगळे त्यात आहेत. केंद्र आणि राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था या योजनेत येतात. काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र पाहतं. म्हणजे ज्या लेखाचे तुमच्याकडे डॉलर मागतात, त्याचे पैसे कदाचित तुमच्या नावाने आधीच भरलेले आहेत. तुम्ही घरच्या वायफायवरून गेलात, म्हणून त्या संकेतस्थळाने तुम्हाला ओळखलं नाही, इतकंच. विद्यापीठाच्या आवारात तोच लेख बिनबोभाट उघडतो, कारण तिथे ओळख माणसाची पटत नाही, आवारातल्या इंटरनेटच्या आयपी पत्त्याची पटते.

घरून उघडायचं असेल तर ‘रिमोट ॲक्सेस’ लागतो. तुमची नोंदणी ज्या विद्यापीठात आहे तिथल्या ग्रंथपालांना ई-मेल करा. नोंदणी क्रमांक आणि मार्गदर्शकांचं नाव लिहा आणि ‘मला रिमोट ॲक्सेसचं खातं हवं आहे’ एवढं एकच वाक्य लिहा. काही ठिकाणी ते इन्फेड या इन्फ्लिबनेटच्या लॉगिन-सेवेतून मिळतं, काही ठिकाणी एखाद्या ॲपमधून. शिवाय तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एन-लिस्ट, म्हणजे महाविद्यालयांना ऑनलाइन वाचनसाहित्य देणारी इन्फ्लिबनेटची सेवा आहे का, हे उद्याच विचारा. अनेक अनुदानित महाविद्यालयं त्याची सभासद आहेत. प्रत्येक प्राध्यापकाला त्याचं स्वतंत्र युजरनेम मिळतं, ते थेट घरून चालतं आणि बरेच जण ते कधी मागतच नाहीत. मी संदर्भ विभागात होते तेव्हा अशी न घेतलेली खाती बघून जीव तुटायचा.

आता शब्दांचं. डेटाबेसला दुष्काळ ठाऊक नसतो, त्याला अक्षरं ठाऊक असतात. १९७५ मध्ये छापलेल्या लेखात जे अक्षर होतं तेच आजही आहे. धाराशिव त्या लेखात ‘उस्मानाबाद’ आहे. अहिल्यानगर ‘अहमदनगर’ आहे. बीडचं स्पेलिंग जुन्या जनगणनेत ‘भीर’ असं, म्हणजे बी-एच-आय-आर आहे. आणि तुमचं सोलापूर कितीतरी जुन्या कागदांत ‘एस’नंतर ‘एच’ लावून ‘शोलापूर’ आहे. नुसतं ‘सोलापूर’ टाकलंत तर हे सगळं गळून पडतं. दोन्ही स्पेलिंगं कंसात घालून मध्ये मोठ्या अक्षरात ‘ऑर’ लिहा, मग दोन्ही येतात. १९६० च्या मागे जाणार असाल तर ‘महाराष्ट्र’ हा शब्दच सोडा. तिथे ‘बॉम्बे डेक्कन’, ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ आणि मराठवाड्यासाठी ‘हैदराबाद स्टेट’.

दुष्काळालाही एक शब्द नाही. अभ्यासक ‘ड्रॉट’ लिहितात, इतिहासकार ‘फॅमिन’ लिहितात आणि सरकारी कागद ‘स्कार्सिटी’ म्हणतात. तिन्ही ‘ऑर’ने जोडा. पुढे ‘अँड’ लावून जिल्ह्यांची नावं. ‘एम्प्लॉयमेंट गॅरंटी’ हे दोन शब्द मात्र अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर ‘एम्प्लॉयमेंट’ असलेला जगातला प्रत्येक लेख तुमच्या पुढ्यात येईल.

इथे एक खाचखळगा आहे. ‘एम्प्लॉयमेंट गॅरंटी’ टाकलं की २००५ च्या राष्ट्रीय कायद्यावरच्या लेखांचा पूर येतो आणि महाराष्ट्राची योजना त्याखाली बुडून जाते. आपल्या राज्याचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, योजना त्याआधीची. पुष्कळ जण अशा वेळी ‘नॉट’ लावून राष्ट्रीय योजनेचं नाव काढून टाकतात. मी तसं करू देत नसे. महाराष्ट्राचा अनुभव आणि देशाचा कायदा यांची तुलना करणारे लेख तुमच्या सगळ्यात उपयोगाचे, आणि ‘नॉट’ नेमके तेच फेकून देतं. त्यापेक्षा शोध दोनदा करा. एकदा वर्षांची चौकट १९७० ते १९९० ठेवून आणि एकदा २००५ नंतरची ठेवून, पण दुसऱ्या वेळी शीर्षकात ‘महाराष्ट्र’ हवंच अशी अट घालून. दोन्ही याद्या वेगळ्या जतन करा.

तुमच्या विषयाचा खजिना म्हणजे मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’. त्याचे १९६६ पासूनचे जुने अंक जेस्टोर या नियतकालिकांच्या डेटाबेसवर आहेत. तुमच्या विद्यापीठाच्या यादीत जेस्टोर नसलं तरी अडू नका. स्वतःच्या ई-मेलने मोफत खातं काढलं की महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, तेव्हा वही जवळ ठेवा. निकालांत पुस्तक-परीक्षणांची गर्दी फार असते. ‘ॲडव्हान्स्ड सर्च’मध्ये लेखाचा प्रकार निवडायची सोय आहे, तिथे परीक्षणं वगळा.

एक चांगला लेख हाती आला की शोधखिडकी बंद करा आणि त्या लेखाच्या शेवटची संदर्भयादी वाचा. नंतर गुगल स्कॉलरवर त्याच लेखाखालच्या ‘सायटेड बाय’वर जा. पहिल्या वाटेने मागचे लेख मिळतात, दुसरीने पुढचे.

शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात प्रबंध बघताना एक करा. तिथे बहुतेकदा प्रकरणागणिक वेगळी फाइल असते. प्रस्तावना राहू द्या, सगळ्यात शेवटची संदर्भसूचीची फाइल आधी उघडा. कुणीतरी चार-पाच वर्षं ग्रंथालयांत बसून गोळा केलेली यादी तिथे आयती मिळते. आणि पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने कितीतरी जुनी पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून सर्वांना खुले ठेवलेत. तिथे मात्र ‘स्कार्सिटी’ हाच शब्द आधी टाका.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ खासगी संस्थेत एम.बी.ए. करतो. माझा एन-लिस्टचा पासवर्ड त्याला दिला तर चालेल का?

उत्तर : नाही. खातं तुमच्या एकट्याच्या वापराच्या करारावर दिलेलं असतं. एका नावावरून भराभर शेकडो लेख उतरवले गेले की प्रकाशकाची यंत्रणा ते टिपते आणि कधीकधी अख्ख्या संस्थेचा प्रवेश बंद करते. परीक्षेच्या तोंडावर असं झालं तर सगळ्यांचे हाल होतात. भावाला त्याच्या संस्थेच्या ग्रंथपालांकडे डेलनेटबद्दल, म्हणजे ग्रंथालयांच्या आपसातल्या देवघेवीच्या जाळ्याबद्दल विचारायला सांगा. संस्था सभासद असेल तर हवा तो लेख ते मागवून देतात.

प्रश्न : मॅडम, मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. बी.एस्सी. झालोय, इंग्रजी वाचता येतं. फवारण्या करूनही केवडा रोग आटोक्यात येत नाही. बुरशी औषधाला दाद देईनाशी झाली आहे का, यावरचं संशोधन मला स्वतः वाचायचंय. मी कुठल्याच विद्यापीठात नाही. मला कोण आत घेणार?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. ज्याच्या बागेवर हे संशोधन होतं त्याने ते वाचायलाच हवं, आणि तुम्हाला लागणारं बरंचसं आज फुकट खुलं आहे.

केवड्याचं इंग्रजी नाव ‘डाउनी मिल्ड्यू’ टाकू नका. ते नाव काकडीच्या आणि बाजरीच्या रोगालाही आहे. बुरशीचं शास्त्रीय नाव टाका, ‘प्लास्मोपारा व्हिटिकोला’. हे द्राक्षावरच्या केवड्याचंच नाव आहे आणि फ्रान्सपासून नाशिकपर्यंत सगळे शास्त्रज्ञ तेच लिहितात. दुसरं, नुसतं ‘रेझिस्टन्स’ लिहिलंत तर निम्मे लेख रोगप्रतिकारक जातींवरचे येतील, कारण तिथेही हाच शब्द वापरतात. तुम्हाला औषधाला न जुमानणारी बुरशी हवी आहे. म्हणून ‘फंगिसाइड रेझिस्टन्स’ हे दोन शब्द अवतरणचिन्हांत. सोबत तुम्ही वापरता त्या औषधातल्या घटकाचं नाव, उदाहरणार्थ ‘मेटालॅक्झिल’. कंपनीचं छापील नाव नको, डब्याच्या मागे बारीक अक्षरात असतं ते.

शोध तीन ठिकाणी करा. ‘कृषिकोश’वर राहुरीसह देशातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची नियतकालिकं तिच्या संकेतस्थळावर खुली आहेत. आणि गुगल स्कॉलर. स्कॉलरवर लेखाच्या उजव्या बाजूला पीडीएफ दिसत नसेल तर खाली ‘ऑल व्हर्जन्स’ दाबा, बऱ्याचदा लेखकाने स्वतःच्या संस्थेत ठेवलेली प्रत तिथे मिळते. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ जोडून घेतलंत तर कायदेशीर फुकट प्रत असेल तिथे हिरवं कुलूप दिसतं. एवढं करूनही लेख बंदच असेल तर लेखकाला लिहा. ई-मेल पहिल्याच पानावर असतो. ‘मी द्राक्ष उत्पादक आहे, तुमचा लेख वाचायचा आहे’ म्हणा. शास्त्रज्ञ असे लेख आनंदाने पाठवतात.

एक मात्र ऐका. फ्रान्समधल्या किंवा इटलीतल्या प्रयोगावरून फवारणीचं वेळापत्रक बदलू नका. आपल्याकडे ऑक्टोबरात छाटणी होते आणि हवा वेगळी असते. जे सापडेल ते छापून पुण्याजवळ मांजरी गावी असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा आणि तिथल्या रोगशास्त्रज्ञांसमोर ठेवा.

प्रश्न : मी कोल्हापुरात एम.ए. मराठीला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी चरित्रांवर निबंध लिहिते आहे. सरांनी वर्ल्डकॅट ही जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची बघायला सांगितलं. ‘सीएचए’ने सुरू होणारं ‘चरित्र’ टाकलं, फारसं काही आलं नाही.

उत्तर : कारण तिथे ‘चरित्र’ नुसत्या ‘सी’ने लिहितात. परदेशी ग्रंथालयं मराठी शीर्षकं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीने रोमन लिपीत उतरवतात. त्यात ‘च’ला ‘सी’ आणि ‘छ’ला ‘सीएच’. आपण न उच्चारलेला शेवटचा ‘अ’सुद्धा तिथे असतो, म्हणून एकनाथ ‘एकनाथा’ होतात, आणि मंडळ ‘मंडळा’. वरच्या-खालच्या टिंबांची काळजी करू नका, साध्या अक्षरांवर चालतं. ‘आत्मचरित्र’सुद्धा याच रीतीने टाका.

इंटरनेट अर्काइव्हवर याच्या उलट. तिथे मराठी पुस्तकं खूप आहेत, पण नावं ज्याने चढवली त्याच्या मर्जीप्रमाणे लिहिलेली. तिथे ‘सीएच’, नुसता ‘सी’ आणि देवनागरी, तिन्ही करून बघा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ हे ऑनलाइन ग्रंथभांडारही बघा.

पण हे सगळं दुसऱ्या पायरीला. मोठ्या इंग्रजी डेटाबेसांत जुनं मराठी जवळजवळ नाहीच, तेव्हा पहिली पायरी म्हणजे शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं तिच्या पहिल्या भागात विषयवार लावलेली आहेत. एका माणसाने ध्यास घेऊन केलेलं हे काम आहे, आणि आजही कुठलीही शोधखिडकी तुम्हाला हे देऊ शकत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात ती मागा. चरित्रांचा विभाग काढा आणि तुमच्या काळातल्या नोंदी वहीत उतरवा. शीर्षकाबरोबर प्रकाशनाचं वर्ष आणि गाव दोन्ही लिहून घ्या. एकाच माणसाची चरित्रं दोन-तीन लेखकांनी लिहिलेली असतात, आणि पुढे दुसऱ्या ग्रंथालयाला पत्र लिहून प्रत मागवाल तेव्हा नेमकी कुठली हवी ते त्यावरूनच कळतं.