जुन्या कार्डांच्या खेळांचे महागडे पुनर्मुद्रित संच विकत घ्यावेत का?

मॅजिक या कार्डांच्या खेळाचा तिसाव्या वर्षाचा संच किंवा पोकेमॉनच्या कार्डखेळाचा क्लासिक संच परदेशातून मागवावा का, त्यांची किंमत पुढे वाढेल का आणि पुनर्मुद्रित कार्ड खरे मानावे का, असे तुम्ही विचारले आहे. यांतला तिसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून आमच्या घरात शाळेच्या वयापासून वाद चालत आलेला आहे.

सोलापुरात मुरारजी पेठेत माझ्या आत्याचे घर होते. आतेभावाचे, म्हणजे आमच्या दादाचे, काका अमेरिकेत नोकरीला होते आणि येताना मॅजिकची कार्डे आणत. काळ्या कडेची कार्डे दादा स्वतःकडे ठेवी आणि पांढऱ्या कडेची मला देई. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मधल्या खोलीत चादर अंथरून खेळायला बसत असू. पंख्याने कार्डे उडत, म्हणून सोलापूरच्या त्या उन्हाळ्यातही आम्ही पंखा बंद ठेवत असू. माझ्या डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या कार्डांच्या गड्डीत, निकोल बोलास हा ड्रॅगन होता. तो आणायला आठ माना, म्हणजे कार्ड खेळण्यासाठी खर्चायची शक्ती, लागतात, आल्यावरही प्रत्येक फेरीला निळा, काळा आणि तांबडा असा एकेक माना भरावा लागतो, नाहीतर तो हातचा जातो. पण त्याचा एक घाव बसला की समोरच्याला हातातली सगळी कार्डे टाकून द्यावी लागतात. एका दुपारी हा घाव दादाला बसला. दादाने कार्डे खाली ठेवली आणि सगळ्या भावंडांसमोर जाहीर केले की पांढऱ्या कडेचा ड्रॅगन डुप्लिकेट आहे, त्यामुळे हा डाव धरायचा नाही. आत्याने त्याचीच बाजू घेतली. तो डाव आजतागायत धरलेला नाही.

आता वस्तुस्थिती सांगतो. हा ड्रॅगन प्रथम १९९४ च्या लेजंड्स या संचात आला आणि १९९५ मध्ये क्रॉनिकल्स या संचात मॅजिक काढणाऱ्या कंपनीनेच तो पांढऱ्या कडेने पुन्हा छापला. नियम तेच, चित्र तेच, कार्डाची पाठ, म्हणजे मागची बाजू, तीच, एवढेच काय, जुन्या संचाचे चिन्हही तसेच ठेवलेले होते. जुनी कार्डे जपून ठेवणाऱ्यांना हे रुचले नाही, कारण त्यांच्या कार्डांचे भाव पडले. त्यांची समजूत काढण्यासाठी कंपनीने १९९६ मध्ये ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ जाहीर केली, म्हणजे स्पर्धेत चालतील अशा स्वरूपात पुन्हा कधीही छापली जाणार नाहीत अशा कार्डांची यादी. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता. त्याने कपाटात कार्डे ठेवणाऱ्याचे हित जपले आणि डाव मांडून बसणाऱ्या मुलाला वाऱ्यावर सोडले.

मी पुढे छपाईच्या धंद्यात पडलो. एका दिवाळीत दादा त्याचा काळ्या कडेचा निकोल बोलास घेऊन आला, तेव्हा प्रेसवर दोन्ही कार्डे मी भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींवर चार रंगांच्या ठिपक्यांची तीच नक्षी होती आणि दोन्हींवर काळी अक्षरे ठिपक्यांतून न बनता सलग, भरीव छापलेली होती. नकली कार्डात नेमकी हीच गोष्ट फसते, कारण ते मूळ कार्ड स्कॅन करून छापलेले असते आणि अक्षरेही ठिपक्यांची होतात. दादाने बराच वेळ भिंगातून पाहिले आणि तो काही बोलला नाही. पोथीची नवी आवृत्ती घरात आली म्हणून पारायण खोटे ठरत नाही, एवढेच मी त्याला म्हणालो.

तोच दादा, आता अमेरिकेत स्थायिक झालेला, २०२२ च्या नोव्हेंबरात मॅजिकचा तिसाव्या वर्षाचा संच ९९९ डॉलर देऊन घेऊन बसला. त्या वेळच्या भावाने हे साधारण ८२,००० रुपये होतात. एवढ्या पैशांत पंधरा कार्डांची चार पाकिटे मिळाली, आत कोणती कार्डे निघतील हे सांगता येत नाही, पाठ वेगळी आहे आणि स्पर्धेत ही कार्डे चालत नाहीत. १९९३ मध्ये याच कंपनीने कलेक्टर्स एडिशन काढली होती. तीही स्पर्धेत चालत नव्हती, पण पन्नास डॉलरच्या आसपास अख्खा संच मिळत होता आणि त्यात ब्लॅक लोटस हे मॅजिकचे सर्वांत प्रसिद्ध कार्डसुद्धा होते. हे दोन व्यवहार शेजारी ठेवले की पुनर्मुद्रण म्हणजे काय आणि आठवणींचा लिलाव म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दादाने ती पाकिटे अद्याप फोडलेली नाहीत. स्पर्धेत चालणारा माझा ड्रॅगन त्याला डुप्लिकेट वाटला आणि स्पर्धेबाहेरची ही कार्डे त्याला अस्सल वाटतात. हे मला पटलेले नाही आणि पटणारही नाही.

त्यामुळे तिसाव्या वर्षाचा संच घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगतो. भाववाढीच्या आशेने तर मुळीच नको, कारण कंपनीचे वचन फक्त स्पर्धेत चालणाऱ्या छपाईला लागू आहे. वेगळ्या पाठीची कार्डे ती उद्या पुन्हा काढू शकते. जुन्या छपाईचा आनंदच हवा असेल तर यू-गी-ओ या दुसऱ्या कार्डखेळाने पंचविसाव्या वर्षानिमित्त २०२३ मध्ये आपले सुरुवातीचे संच साध्या पाकिटांत पुन्हा आणले. ती कार्डे स्पर्धेतही चालतात आणि पुनर्मुद्रण करायचे तर ते असेच असावे.

पोकेमॉन क्लासिकबद्दल मात्र मी इतका कठोर नाही. तो संच २०२३ मध्ये निघाला तेव्हा सुमारे ४०० डॉलरचा होता आणि त्याचीही कार्डे अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. तरीही चॅरिझार्ड, ब्लास्टॉइज आणि व्हीनसॉर या पोकेमॉन प्राण्यांचे साठ साठ कार्डांचे तीन तयार डेक व खेळायचा पट त्यात आहे आणि आत काय आहे ते आधीच माहीत असते. घरात मुलांसोबत खरोखर खेळणार असाल आणि सीमाशुल्कासह होणारा खर्च झेपत असेल, तर घ्या. शोकेसमध्ये ठेवण्यासाठी घेणार असाल, तर माझे मत वर आलेच आहे.

सुटी मॅजिक कार्डे घेणार असाल, तर विक्रेत्याकडून पाठीचा अगदी जवळून काढलेला फोटो मागा. पाठीवरच्या पाच रंगीत ठिपक्यांपैकी हिरव्या ठिपक्यात, अस्सल कार्डावर, सहसा चार लाल बिंदू इंग्रजी एल अक्षराच्या आकारात दिसतात. विक्रेता असा फोटो द्यायला टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवा.